कातळावरची थाप

शिमग्याची राख निवते न निवते तोच मेटकरवाडी झोपायच्या तयारीला लागायची, आणि त्याच दिवसापासून अनसाबाईच्या जिभेला धार चढायची.

"जावा, जावा समदी जमिनीत. माणसाची जात सोडून बेडकाची धरलीया, आता डराव डराव करायचं तेवढं ऱ्हायलंय."

सून ऋतुजा भांडी पालथी घालत होती. पुढचे चार महिने त्या भांड्यांना कुणी हात लावणार नव्हतं. "आत्ती, यंदा तुम्ही पण चला की. खाली गार असतंय."

"गार तर मढंबी असतंय."

ऋतुजा हसली. लग्न होऊन आली तेव्हा ती अशा बोलण्यावर रडायची. आता तिला कळून चुकलं होतं की सासू ज्या दिवशी गोड बोलेल त्या दिवशी डॉक्टर बोलवावा लागेल.

ज्या बेडकाच्या नावानं अनसाबाई बोटं मोडायची, तो खरं तर बेडूक नव्हे, भेक. माणदेशाच्या या टोकाला, तांबड्या मुरमाच्या माळावर त्याची वस्ती. मुठीएवढा, वाटोळा, मातकट. हात लावला की अंगात वारा भरून ढोलासारखा फुगतो, म्हणून लोक त्याला ढोल्या म्हणतात. टाचेला त्याच्या खुरप्याच्या पात्यासारखं काळं, कठीण टेंगूळ असतं. डबकी आटली की तो त्या टाचांनी जमीन उकरत हातभर खाली जातो आणि वर्षातले दहा महिने तिथंच बसून राहतो. अन्न नाही, पाणी नाही. अंगावरच्या कातडीचे पापुद्रे सुटून एकावर एक बसतात आणि कांद्यासारखं आवरण तयार होतं, आतली ओल बाहेर जात नाही. मूत्राशयात साठवलेलं पाणी तो थेंबाथेंबानं पुन्हा अंगात घेतो. काळीज इतकं सावकाश चालतं की उकरून हातात घेतला तर मेला म्हणून टाकून द्याल.

त्याला ओल उठवत नाही. त्याला उठवते थाप. वळवाचे टपोरे थेंब जमिनीवर आदळतात, त्यांचा हादरा खाली पोचतो आणि ढोल्या डोळे उघडतो. वर येतो, डबक्यात बसून घसा फाटेस्तोवर ओरडतो, मादी येते, अंडी पडतात. दिवस-दोन दिवसांत पिल्लं शेपट्या हलवायला लागतात आणि मग त्यांची आणि उन्हाची शर्यत. पाय फुटायच्या आत डबकं आटलं तर सगळी पिढी गेली. डबकं फारच लवकर आटायला लागलं तर काही पिल्लांची तोंडं रुंद होतात आणि ती आपल्याच भावंडांना खाऊन झटपट मोठी होतात.

"भाऊबंदकी त्यांच्यातबी हाय," असं अनसाबाई म्हणायची.

मेटकरवाडीला झोपवलं होतं ते या ढोल्यानं. माणदेशचा उन्हाळा तोवर माणसाचा राहिला नव्हता. फाल्गुनातच विहिरींचे तळ दिसायचे, चैत्रात पत्र्याखाली ठेवलेलं अंडं आपोआप उकडायचं आणि वैशाखात माणसं दुपारी बसल्या जागी मरायची. गाव सोडून जाण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. त्याच सुमारास मिरजेच्या डॉक्टर निलोफर मुजावर यांनी ढोल्याच्या आवरणाखालच्या चिकट द्रवात एक द्रव्य शोधून काढलं. अंगातल्या कणाकणाला ते सांगायचं की चूल विझवू नका, निखारा तेवढा राखेखाली झाकून ठेवा. डॉक्टरांनी ते आधी उंदरांना दिलं, मग शेळ्यांना, आणि मग लोकांचा विश्वास बसेना म्हणून स्वतः घेऊन महिनाभर झोपून दाखवलं.

टेकडीच्या पोटात निजघर खोदलं गेलं. तीन बाजूंना मुरूम, मागची भिंत जित्या खडकात कोरलेली. शिमगा झाला की गाव तिथं उतरायचं, औषध प्यायचं, ओल धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून घ्यायचं आणि निजायचं. आषाढातल्या बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आधी पाऊस स्थिरावला की जमिनीत बसवलेलं थापयंत्र पावसासारखा ठोका धरायचं आणि माणसं एकेक करून डोळे उघडायची.

गाव वाचलं. अनसाबाई हे कुणापुढं कबूल करायची नाही, पण मनात जाणून होती. आसपासच्या वाड्या ओस पडल्या, मेटकरवाडीत मात्र बेंदराला चुली पेटत होत्या. वाचला नाही तो उन्हाळा.

उन्हाळा म्हणजे काय नुसतं ऊन? कुरडईचा चीक शिजायला लागला की पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसायची, त्यांना हाकलून हाकलून बाई दमायची आणि शेवटी निम्मा चीक त्यांच्याच पोटात जायचा. लग्नाच्या मांडवात घामानं निथळत भात वाढायचा आणि वरून ऐकून घ्यायचं, आमटी पातळ झाली. मेंढरं घेऊन कोकणातनं परतताना करवंदांच्या जाळ्यांत ओरखडून घेतलेले हात, उघड्या माळावर टाकलेली घोंगडी. आणि चैत्रातली बिरदेवाची जत्रा. भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळाधमक व्हायचा, गजी नाचणाऱ्यांचे रुमाल हवेत उडायचे आणि मधोमध तिच्या नवऱ्याचा, मायाप्पाचा ढोल. आता गावातल्या सात वर्षांच्या पोरांना आंबा म्हणजे बाटलीतला रस वाटायचा. झाडावर पिकलेला त्यांनी पाहिलेलाच नव्हता, त्या दिवसांत ती जमिनीखाली असत.

अनसाबाई सात उन्हाळ्यांत एकदाही झोपली नव्हती. निजघराला राखण लागते. खालची हवा बघायची, कुणाचा पापुद्रा सुटलाय का बघायचं, मनगटावरच्या यंत्रातून डॉक्टरांना खबर द्यायची. राखणदारासाठी दाराशी गार खोली आणि पाण्याची टाकी होती. पहिल्या वर्षी कोण राहणार म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले, तेव्हा ही म्हणाली, "मी ऱ्हाती. तुमच्यापैकी कुणाला धड मेंढरं राखता आली न्हाईत, माणसं काय राखणार?" तेव्हापासून निजघराची किल्ली तिच्या कमरेला होती.

शाळा तिनं दुसरीपर्यंत केली, तीही बापाच्या मेंढरांचा तळ ज्या गावाला पडेल तिथल्या शाळेच्या पडवीत बसून. पण निजघरातल्या प्रत्येकाचा श्वास तिला ओळखू यायचा. नवऱ्याचा तर उतार उतरतानाच.

मायाप्पाला एका वैशाखात मेंढरांमागं ऊन लागलं आणि काळीज दुबळं झालं. जागेपणी आणखी एक उन्हाळा त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तो झोपायचा. झोपेत माणसाचं वय जागच्या जागी थबकतं. मायाप्पा तिच्याहून चांगला थोरला, पण त्याचे केस अजून करडेच होते आणि तिचे उन्हानं पांढरेशुभ्र. "नवऱ्याआधी बाईनं म्हातारं व्हायचं, ही कुठली रीत?" असं ती म्हणायची आणि तो मिशीत हसायचा. केसांचं तिला फारसं वाटत नव्हतं. वाटायचं ते वेगळंच. तो शिमग्याला बोललेल्या गोष्टीला बेंदरात "काल म्हणालो ना" म्हणायचा. तिच्या त्या चार महिन्यांचा त्याला पत्ताच नसायचा. तिनं सांगायचं म्हटलं तर सांगणार काय? ऊन पडलं, ऊन कललं.

गेल्या बेंदराला मात्र एक गोष्ट घडली. मायाप्पानं रीत मोडून हौसेनं ढोल मांडीवर घेतला, टिपरू उचललं आणि त्याचा हात हवेतच राहिला.

"चाल आठवंना गं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

अनसाबाईला हसू आलं नाही. जत्रेवाचून ढोल वाजवायचा नाही ही वाडीची रीत, आणि जत्रेला सगळे झोपलेले. तोवर सात वर्षं त्या ढोलाला कुणी शिवलं नव्हतं. तरण्यांपैकी एकालाही चाल येत नव्हती. ती चाल फक्त मायाप्पाच्या हातात होती आणि आता तिथूनही चालली होती. त्याच दिवशी तिनं ठरवलं, यंदा काहीही होवो, बिरदेवापुढं ढोल वाजणार. निदान जेवढी चाल तिच्या कानात होती तेवढी.

फाल्गुनात डॉक्टर मुजावर गाव झोपवायला आल्या तेव्हा तिनं त्यांना ओट्यावरच गाठलं.

"यंदा जत्रंला ढोल वाजणार. तुमी न्हाई म्हणला तरी वाजणार. तवा व्हय म्हणा."

"आजी, परवानगी मागायची ही पद्धत आहे का?"

"मागतंय कोण? सांगतीया."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "आपली माणसं थापेनंच उठतात. मला आधी मोजून बघू दे."

त्यांनी निजघरात हादरा मोजणारा एक काटा बसवला. अनसाबाईचा मुलगा सूरज देवळापुढं उभा राहिला, गळ्यात ढोल अडकवला आणि चाल येत नसली तरी हाताला येईल तसा बडव बडव बडवला. काटा जागचा हलला नाही.

"हवेतला आवाज एवढ्या मुरमातून खाली उतरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वाजवा खुशाल. मात्र एक सांगून ठेवते. आजोबांचं औषध मी यंदा कमी ठेवतेय. खोल झोपेतून वर यायला त्यांना आता त्रास होतो, म्हणून झोप जरा उथळ राहील. मध्येच जागे झाले तर पुन्हा झोपवता येणार नाही, वर्षातून एकदाच ते अंगाला सोसतं. आणि इथला उन्हाळा त्यांच्या काळजाला सोसणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

"मी काय त्यास्नी गुदगुल्या करायला जाणार हाय व्हय खाली?"

जायच्या दिवशी मायाप्पा धुतलेली बंडी घालून निजघराच्या तोंडाशी आला. आत उतार, उताराच्या टोकाला निळा उजेड.

"उद्या उठल्यावर पिठलं-भाकरी कर," तो म्हणाला. "कांदा फोडून."

"तुमचा उद्या चार महिन्यांनी उजाडतोय. तवर मी कुणाच्या तोंडाकडं बगून भाकरी थापू?"

"ढोल जपून वाजव. कातडं वाळलं असंल."

"मी वाजवणार ह्ये कुणी सांगितलं तुमास्नी?"

"वर दुसरं हाय कोण?" असं म्हणून तो उतार उतरत गेला. वळून बघायची सवय त्याला तरुणपणीही नव्हती. मेंढरांमागं निघाला की पाठच दिसायची.

जत्रेच्या दिवशी अनसाबाई तांबडं फुटायच्या आत उठली. निजघरात फेरी मारली, एकेकाचं नाव घेतलं. मायाप्पाजवळ जरा थांबली, "निजा," म्हणाली आणि वर आली. नवं लुगडं नेसली, कपाळाला भंडारा लावला, ढोल डोक्यावर घेतला आणि माळावरच्या देवळाकडं निघाली. एकेकाळी जत्रेला ही वाट माणसांनी फुललेली असायची. आज फक्त तिच्याच वहाणांचा आवाज.

बाईनं देवाचा ढोल वाजवायचा नाही अशी रीत होती. पण रीत सांगायला कुणी पुरुष जागा तर पाहिजे.

देवळापुढं काळा कातळ आहे, दहा माणसं बसतील एवढा. अनसाबाईनं भंडारा उधळला, ढोल त्या कातळावर आडवा टेकवला, गुडघ्यानं दाबून धरला आणि टिपरू उचललं. वाडीची ही फार जुनी रीत. ढोल गळ्यात घ्यायच्या आधी पहिल्या थापा तो कातळाला टेकवूनच द्यायच्या, देव जमिनीत बसलेला आहे आणि त्याला हाक खालून पोचते म्हणून. पाणी पिताना भांडं तोंडाला लावायचं असतं हे कुणी सांगत नाही, तसं हेही कधी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सूरजनं त्या दिवशी ढोल थेट गळ्यात घेतला, कारण ती काही जत्रा नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या काट्यासाठी देवाला कशाला उठवायचं?

पहिली थाप पडली. मग दुसरी. वाळलेलं कातडं असं काही बोललं की अनसाबाईच्या दंडावर काटा आला. कातळ गुडघ्याखाली गुणगुणत होता. तिला चाल अर्धीमुर्धीच येत होती, पण मन लावून वाजवत होती आणि वाजवता वाजवता तिला सगळी जत्रा दिसायला लागली. रुमाल, झांजा, धूळ, आणि पोराला कडेवर घेऊन नवऱ्याच्या हाताकडं टक लावून बघणारी एक काळीसावळी बाई.

मग पायाजवळची माती हलली.

आधी एक ढेकूळ सरकलं. त्यातून दोन डोळे वर आले. मग शेजारचं ढेकूळ. बघता बघता देवळामागच्या कोरड्या ओढ्यापर्यंत सगळा माळ खदखदल्यासारखा झाला आणि जागोजागी ढोल्ये वर आले. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं अंगाला लोंबत होती. पाणी शोधत ते इकडं तिकडं वळत होते. पाणी कुठंच नव्हतं. आणि पूर्वेला सूर्य वर यायला लागला होता.

अनसाबाईच्या हातातलं टिपरू गळून पडलं. ढोल्याला थाप उठवते. ढोल्याच्या औषधानं निजलेल्या माणसांनाही थापच उठवते. आणि कातळ... निजघराची मागची भिंत ज्या खडकात कोरली होती तो म्हणजे याच कातळाचं दुसरं टोक.

मनगटावरचं यंत्र थरथरलं. "आजी! काय झालं? खालचे सगळे एकदम हलले!" डॉक्टरांचा आवाज.

"ढोल कातळाला टेकवला, बाय. टेकवतातच पयल्यांदा."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं न्हाई. आन् आमाला सांगायचं सुचलं न्हाई. मालकांचं सांगा आदी."

"बाकी सगळे पुन्हा खोल गेले. आजोबांची नाडी मात्र वाढतच चाललीय. जागे होताहेत. मी गाडी घेऊन निघते. तोवर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी द्या, एकदम देऊ नका. आणि ऊन लागू देऊ नका."

या वयात बाई किती पळू शकते ते माळानं त्या सकाळी पाहिलं. ती निजघराच्या तोंडाशी पोचली तेव्हा मायाप्पा भिंतीला धरून उतार चढत होता. ओठ पांढरे पडले होते.

"कोण वाजवतंय एवढं वंगाळ?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं. "दुसरी थाप उशिरा पडतीया."

अनसाबाईनं त्याला दंडाला धरलं. रडू येऊ नये म्हणून ती ओरडली, "मग उठून यायचं हुतं व्हय त्यासाठी? निजून सांगायचं!"

तिनं त्याला गार खोलीत टेकवलं आणि चमच्यानं पाणी पाजायला सुरुवात केली. एक घोट गेला की त्याच्या छातीवर हात ठेवून ती ठोके बघायची. ते कधी पळत होते, कधी अडखळत होते. बाहेर ऊन चढत होतं. दार उघडं होतं, त्यातून माळ दिसत होता.

"ती काय गर्दी?" मायाप्पानं विचारलं.

"ढोल्ये. तुमच्यासारखेच, ढोल ऐकून आल्यात."

"मरतील की गं."

तेवढ्यात डॉक्टर गाडीतूनच पुन्हा बोलल्या. ढोल्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, "पाणी ओतू नका, आजी. डबकं साचलं तर पाऊस आला समजून ते अंडी घालतील आणि पिल्लं उन्हात जातील. नुसती माती ओली करा. ते तोंडानं पीत नाहीत, पोटाच्या कातडीनं पितात. पोट भिजलं की साठा होईल आणि आपले आपण परत खाली जातील. पण तुमच्या टाकीतलं पाणी..."

"टाकी माजी हाय ना? मग झालं."

तिनं लिंबाचा डहाळा तोडला, कळशी भरली आणि मांडवात अक्षता टाकाव्यात तसं पाणी शिंपडत ती ओढ्यापर्यंत गेली. परत आली, मायाप्पाला दोन चमचे पाजले, पुन्हा कळशी भरली. शेवटी त्यालाच करमेना. त्याला घोंगडीची सावली करून तिनं देवळाच्या ओसरीवर आणून बसवलं, कारण खोलीत एकटा राहायला तो तयार नव्हता.

ओल्या मातीवर ढोल्ये पोटं टेकून गप बसले होते, पंगतीला बसल्यासारखे.

"यंदा जत्रंला एवढी तरी आली," मायाप्पा म्हणाला.

"आन् जेवूनच जाणार. पावनी लई लोचट हायेत."

तो हसला आणि हसता हसता त्याचा श्वास अडकला. अनसाबाईनं त्याची पाठ चोळली. श्वास परत यायला फार वेळ लागला. त्या वेळात तिनं बिरदेवाला काय काय कबूल केलं ते तिलाच माहीत.

मग ढोल्ये जायला लागले. टाचांनी माती उकरत, गोल गोल फिरत, मागं सरकत खाली. अंग बुडालं, पाय बुडाले, शेवटी नुसते डोळे राहिले, वर बघणारे. मग तेही मातीत मिटले.

"बग गं," मायाप्पा म्हणाला, "जाताना तोंड आपल्याकडं करून जातंय."

"त्याला कळतंय," अनसाबाई म्हणाली. "तुमी जाताना मला सात वर्सं पाठ दिसतीया."

मायाप्पा ओल्या मातीकडं बघत राहिला.

दुपार व्हायच्या आत गाडी आली. डॉक्टरांनी त्याला तपासलं, छातीला पट्ट्या लावल्या, हाताला नळी लावली. मग अनसाबाईकडं वळून म्हणाल्या, "इथं राहिले तर आठवडाभरही निघणार नाही. कोकणात तुमची मुलगी आहे ना?"

"मोनाली. चिपळूणला."

"तिथं हवा सोसेल त्यांना. गाडीत गारवा आहे, माझा माणूस सोबत जाईल. आत्ताच निघायला हवं."

अनसाबाईनं मान हलवली. कमरेच्या किल्लीवर तिचा हात गेला. सात वर्षं ती ज्याला त्याला ऐकवत आली होती की तिच्यावाचून या गावाची राखण कुणाला जमायची नाही. मुलगा, सून, नातवंडं, सगळं गोत खाली निजलं होतं.

"आजींना विचारायचं का, येणार का म्हणून?" डॉक्टर हळूच मायाप्पाला म्हणाल्या.

"तिला नगा इचारू," तो गाडीतून म्हणाला. "ती यायची न्हाई. तिला गाव हाय राखायला."

अनसाबाई ताठ झाली. "मला अजून कुणी इचारलंय का? परस्पर काय ठरवताय माज्याबद्दल? पन्नास वर्सं ह्येच करत आलाय."

मायाप्पानं डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं. पांढरे केस, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावरचा भंडारा घामानं ओघळलेला.

"अनसे," तो म्हणाला, "येतीस का?"

तिनं किल्ली कमरेची सोडली. सोडवताना गाठ निघेना, तिनं दातानं काढली आणि डॉक्टरांच्या हातात ठेवली. "कुणाला ठेवणार हायसा राखणीला?"

"मीच राहते, आजी. इतकी वर्षं माणसांना झोपवून मी निघून जाते. एक उन्हाळा मलाही बघू दे. पाणी गाडीत आणलंय."

"रोज सकाळी खाली जायाचं. नुसतं यंत्र बगून भागत न्हाई. एकेकाचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. ऋतुजा कुशीवर वळली की पापुद्रा सुटतोय, तिच्याकडं ध्यान ठेवा. आन् दुपारी बाहेर पडाल तर डोकं झाका, शिकल्या माणसाला तेवढं कळत न्हाई."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या.

अनसाबाई गाडीत चढली, मायाप्पाच्या उशाशी बसली. गाडी माळ उतरून मोठ्या रस्त्याला लागली. याच वाटेनं ती दोघं मेंढरं घेऊन चालत कोकणात जायची, तेव्हा या अंतराला पंधरवडा लागायचा. मायाप्पा छताकडं बघत होता.

"झोपू नगा आता," ती म्हणाली.

"न्हाई झोपत. पर काईतरी सांग मग. सात उन्हाळ्यांत काय काय झालं वर?"

"काय हुतंय? ऊन पडलं, ऊन कललं."

"त्येच सांग."

तिनं पदरानं कपाळावरचा भंडारा पुसला. आणि मग भोरड्या पाखरांच्या एका थव्याचं सांगायला लागली, जो पहिल्या उन्हाळ्यात वाडीत कुणीच नाही बघून थेट तिच्या चुलीपाशी येऊन बसला होता. तिथून शेजारणीच्या घरात शिरलेल्या कोल्हीकडं, कोल्हीकडून वावटळीत उडालेल्या सूरजच्या दारावरच्या पत्र्याकडं. एकदा सुरू झाली तशी थांबायचं नाव घेईना. मायाप्पा मध्येच "आँ?" करायचा, मध्येच "खोटं सांगतीस" म्हणायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची. कऱ्हाड मागं पडलं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला ओल लागली. गाडी कुंभार्लीच्या घाटाला लागली तेव्हा ती तिसऱ्या उन्हाळ्यात होती आणि मायाप्पा टक्क जागा होता.